मातीमोल

ऑल्डब्रोला मी वर्षातून दोनदा जातो,
मार्चात आणि सप्टेंबरात,
कौन्सिलचा पिवळा कोट घालून
जमीन किती उरली ते मोजायला.

रस्ता समुद्राकडे निघतो आणि मध्येच संपतो.
पांढरा पट्टा अगदी टोकापर्यंत आखलेला,
टोकाला गवताचा झुपका,
पुढे नुसती हवा.

शेवटच्या घरात एडना ब्लेंकिन.
ती माझ्या आधीच मोजून ठेवते,
मागच्या दारापासून कड्यापर्यंत,
पडदे शिवायच्या टेपने.
"एकतीस फूट. तुझं यंत्र काय म्हणतं?"
नऊ मीटर पंचेचाळीस.
"म्हणजे यंत्र बरोबर आहे तर."

हा कडा दगडाचा नव्हेच.
बर्फाने फरफटत आणलेला चिखल,
वितळताना जिथल्या तिथे टाकून दिलेला.
त्यात नॉर्वेचा तांबूस धोंडा सापडतो,
स्कॉटलंडचा करडा, खडूचे गोटे,
कुणाचंच गाव इथलं नाही.
पाऊस वरून मुरतो, थंडीत गोठून फुगतो,
फट पडते, फटीत पुन्हा पाणी.
समुद्र पायथा कुरतडत असतोच.
मग एखाद्या रात्री
बसएवढा तुकडा खाली बसतो,
दमलेलं माणूस बसतं तसा,
आणि उठत नाही.

मी जुन्नरकडचा, काळ्या कातळातला.
आमच्यात पक्क्या गोष्टीला
काळ्या दगडावरची रेघ म्हणतात.
पण शाळेमागच्या दरडीत कबाडी सरांनी
त्याच कातळाचे कांद्यासारखे पापुद्रे
नखाने सोलून दाखवले होते.
"हा मुरूम. कातळाचं म्हातारपण.
याची बोटभर माती व्हायला पाचशे वर्षं,
आणि तुम्ही ती चपलेला लावून वर्गात आणता."

एडनाच्या नवऱ्याने, नॉर्मनने,
इथल्या चिकट लाल गाळावर
चाळीस वर्षं समुद्रशेवाळ ओतलं,
कोंबड्यांची शीट, राख, चहाचा चोथा.
हातभर काळी, भुसभुशीत.
तो गेला. वाफा कड्याच्या अंगाला उरला.

घराला आता किंमत शून्य,
बँकेचं पत्र फ्रिजवर चुंबकाने लावलेलं.
हॉर्नसीला एका खोलीचा फ्लॅट मिळालाय,
पुढे पलंगाएवढं अंगण.
कपाट नको म्हणाली, पियानो नको.
दारात अकरा पोती उभी होती.
"तुझ्या गाडीची डिकी केवढी आहे?"

नियमात हे कुठे बसत नाही.
मी कोट काढून सीटवर टाकला.
तीन खेपा. दुसऱ्या खेपेला एक पोतं उसवलं,
डिकीत गांडूळ वळवळलं,
तिने ते चिमटीत उचलून
हातरुमालात घेतलं आणि
हॉर्नसी येईपर्यंत मांडीवर धरून बसली.
वाटेत एकदाच बोलली:
"पडलेलं सगळं दक्षिणेला जातं म्हणे.
लिंकनशरला फुकटचा किनारा."

फॉर्मवर रकाना एकच: घटलेली जमीन.
अकरा पोती कुठे लिहायची?

सप्टेंबरात घर नव्हतं,
पडायच्या आत आम्हीच उतरवलेलं.
मागचं दार होतं तिथे लाकडी खुंटी.
यंत्र लावलं.
सहा मीटर दहा.
पडताळून सांगणारं कोणी नव्हतं.
मी पुन्हा एकदा मोजलं.