पेटी क्रमांक ३१२

अठराशे चाळीस मीटर खालून
काल संध्याकाळी वर आला हा दंडगोल:
राखाडी, मध्येच गुलाबी शीर,
डोक्यावर सव्वा किलोमीटर काळा पाषाण वागवलेला.
मी पुसला, वरची बाजू बाणाने दाखवली,
खडूने नंबर टाकला
आणि त्याच्या कमरेला गेज बांधले.

दगड सुटतो.
हाताला कळत नाही, डोळ्याला तर नाहीच.
केसाच्या दहाव्या भागाइतका फुगतो,
पहिल्या तासात जास्त, मग कमी कमी, रात्रभर.
ज्या अंगाने जास्त दाबला गेला होता
त्या अंगाने जास्त.
त्यावरून आम्ही मांडतो
खाली कोण कुणाला किती रेटत होतं.

काही तर वर येईपर्यंत चकत्या होतात,
भाकरीच्या चवडीसारखे, एकावर एक.
त्यांना सुटका सोसत नाही.
त्यांची पेटी वेगळी.

दादा वेधशाळेत ड्रमचा कागद बदलायचे.
कंदिलावर काजळी धरायची, कागद गुंडाळायचा,
सुई टेकवायची, श्वास धरायचा.
त्या डिसेंबरात
पहाटे चार एकवीसला
सुई कागद सोडून गेली.
दादा हुंबरळीला होते, अंगणात फेकले गेले,
मागे वळून बघितलं तर घर नव्हतं,
नुसता चुन्याचा धुरळा
आणि त्यात कुठेतरी यसू-आत्या.

आदल्या संध्याकाळचा कागद त्यांनी
तीनदा उजेडात धरला होता म्हणे.
रेघ सरळ. पट्टीने आखल्यासारखी.

धरण पाच-सहा वर्षांचं होतं तेव्हा.
अजूनही श्रावणात पाणी काठाला टेकतं
आणि महिन्या-दीड महिन्याने
फडताळातली ताटं एकमेकांना सांगू लागतात.
पाण्याचं वजन आम्हाला काढता येतं.
ते भेगेत कुठवर झिरपलं, तिथे कुणाची पकड ढिली केली,
ते अंदाजाने.
नेमक्या कुठल्या कणाला नको झालं,
ते कुठल्याच तक्त्यात नाही.

नंतर पत्र्याच्या शेडमध्ये लोक म्हणाले,
भुईनं भार टाकला, आता नातवंडांपर्यंत चिंता नाही.
दादा तेव्हा तिरडी घेऊन निघाले होते.
घाटाची वाट, माणसं थोडी,
ओढ्यापाशी त्यांनी खांदा बदलला.
डावा मोकळा झाला, उजवा भरला,
आत्या तेवढ्याच वजनाची राहिली.

हे त्यांनी एकदाच सांगितलं, भात कालवताना.
मी पुढे कॉलेजात वाचलं:
सरकलेल्या भागावरचा ताण उतरतो,
दोन्ही टोकांवर चढतो.
सरांनी फळ्यावर निळ्या-लाल पाकळ्या काढल्या.
सगळ्यांनी उतरवून घेतल्या.
मी ओढा काढला.

आज पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
शेडचा पत्रा एकदा खाकरला.
पेट्या जागच्या जागी.
गेजचा काटा थरथरून पुन्हा आपल्या कामाला.
अर्ध्या मिनिटात फोन.
पंच्याहत्तरी उलटलीय, झोप लागत नाही त्यांना,
किंवा ते लागू देत नाहीत.

"किती व्हता?"
दोन पूर्णांक सहा, दादा.
"कुठं?"
खाली, वारणेच्या अंगाला.
"म्हंजे दक्षिणंला सरकतंय अजून."
सरकतंय.
"तुझा धोंडा?"
सुटतोय. थांबत आलाय आता.
"थांबला म्हंजे मग काय, झालं त्याचं?"

मला सांगता आलं असतं
की फुगणं थांबलं म्हणजे एवढंच की
आमच्या गेजला पुढचं कळत नाही.
मी म्हटलं, झोपा.

ते थोडा वेळ तसेच.
मागे कोंबडा, मग स्टोव्हची फरफर.
"माझा कागद सरळ व्हता गं, बाये."

हो दादा.

सहाचं रीडिंग घेते.
पेटी ३१२. दोन तासांत बदल नाही.
रकाना मोठा आहे,
एवढंच लिहून खूप जागा उरते.