चावीवाला

पाचव्या दिवशी पाणी. उन्हाळ्यात सहाव्या.
साखर पेठेच्या मागच्या बोळात
लोखंडी चावी खांद्यावर टाकून मी शिरतो
तेव्हा कुत्रीही भुंकत नाहीत.

बिंगी जॉबरांची वही
खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेली.
कुणीही वाचावी.
पेन मात्र त्यांच्या खिशात.
वही मागून सुरू केलेली, आजचं पान सगळ्यांत वर:
‘११ मे. पहाटे ३.४०. पाणी पिवळट.
चावीवाला शिंकत होता, माझ्या मते त्याला रजा हवी.
सूनबाई कळशी भरताना हसली, बऱ्याच दिवसांनी.’
खाली लफ्फेदार सही.
लूमच्या खडखडाटात चाळीस वर्षं कुणी ऐकलं नाही
ते सगळं आता सविस्तर.

समोर रेशन दुकानाची भिंत.
तिथंही सुतळी, पण सुतळीला खडू.
‘पाणी बुधवारी.’
बुधवार पुसून गुरुवार.
चारचे साडेचार. मध्ये कुणीतरी ‘अदाजे’ घुसवलं,
दुसऱ्यानं येऊन त्याच्या डोक्यावर अनुस्वार दिला,
जणू त्यावाचून नळ अडला असता.
खाली पोराच्या उंचीवर नीळ्ळू, नीरू, पानी,
तीन हातांची तीन अक्षरं.
कोण शिंकलं, कोण हसलं, भिंतीला ठाऊक नाही.
पण ‘यायलंय का बे?’ म्हणत
घागर घेऊन धावणारी बाई
आधी भिंतच बघते.

मागच्या वर्षी लाइन फुटली त्या रात्री
कुणी लिहिलं, ‘खालच्या बोळाला नाही.’
कुणी पुसलं. परत लिहिलं. परत पुसलं.
मी चेंबरच्या झाकणावर बसून अकरा वेळा मोजलं.
उजाडलं तेव्हा भिंतीवर
नुसता पांढरा ढग.

लोक वहीकडे वळले.
वहीत ३.४०. ठाम. सहीसकट.
पाणी आलं ५.१० ला.
बिंगी झोपून राहिले होते,
मागच्या खेपेची वेळ उतरवली होती.
सुमंगला कोरेनं काजळाच्या कांडीनं
समासात लिहिलं: ‘चूक. ५.१०.’
चार दिवस खिडकी बंद.
पाचव्या दिवशी खाली निळ्या शाईत:
‘सौ. कोरे म्हणतात ते खरं. मी झोपलो होतो.’
आणि सही. जरा लहान.

मला कुणी विचारत नाही.
खरी वेळ माझ्या मनगटात असते,
साडेसात आटे, आठव्याला पाइप हुंकारतो.
एकदा अंधारात, डाव्या हातानं,
भिंतीवरचा सहाचा आकडा मी पाच केला होता.
कुणाला कळलं नाही. बरं वाटलं.
मग जरा वाईटही.

बदलीचा कागद आलाय, जुळे सोलापूर.
भिंतीवर त्याबद्दल काही नाही,
असायचं कारणही नाही,
नवा माणूस उघडेल, नवी वेळ लागेल.
जाता जाता गजापाशी थांबलो.
वर आजची तारीख घालून
बिंगींनी
एक ओळ कोरी सोडलीय.