चार हात

फोंड्याच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
दाराच्या पोटात शिसं आहे. दार जड.
पहिल्या दिवशी खांदा लावून ढकललं,
तर आतून पर्पेतुआ मॅडम म्हणाल्या,
हाच पहिला धडा, वहीत लिही.

दुसरा धडा नळीचा.
काचेच्या आत निर्वात, तिथे इलेक्ट्रॉन धावतात,
टंगस्टनवर डोकं आपटतात.
शंभरातले नव्याण्णव भाग नुसती उष्णता होऊन जातात,
एक्स-रे होतो तो उरलेला एक.
मला आमची काजूची भट्टी आठवली,
दिवसभराचा जाळ, मडकंभर रस,
आणि टोकाशी थेंब थेंब हुर्राक.
बाबाला सांगितलं. म्हणाला,
शंभरात एक? बुडीत धंदा.

मग अंतराचा नियम.
मॅडमचं उदाहरण खुरसापुढच्या मेणबत्तीचं,
मी वहीत म्हार्दोळची पणती काढली.
एकच पणती, सगळा दीपस्तंभ नव्हे,
बिंदू म्हणजे बिंदू.
दुप्पट लांब गेलं की उजेड अर्धा नाही, पाव.
तिप्पट गेलं की नववा हिस्सा.
म्हणून बटण दाबताना मागे हो, मॅडम म्हणतात,
शौर्य दाखवायचं असेल तर पोलिसात जा.

एककं म्हणजे मेलेल्या माणसांची नावं.
पूर्ण नाव लिहायचं लहान लिपीत, खूण मोठ्या लिपीत.
ही चूक झाली की अर्धा गुण जातो.
एका किलोत एक ज्यूल मुरला की एक ग्रे.
त्यातून देहाला धोका किती, ते सिव्हर्ट सांगतो.
मी घोकत बसते
आणि आई ओसरीवर भात मोजते,
वीस कुडवांची खंडी,
अठरावा की एकोणिसावा, माझ्यामुळे चुकते,
पुन्हा पहिल्यापासून.

मंगळवारी शाबू गावडे आला. पाडेली.
उजवं मनगट सुजून शहाळ्याएवढं.
माडावरून? मी विचारलं.
वरून नव्हे, म्हणाला, वर मी कधी पडत नाही.
खाली येताना चार हात उरले होते,
मनाने मी जमिनीवर पोचलो होतो.

हात पट्टीवर ठेवला. पंचावन्न किलोव्होल्ट.
हलू नका म्हटल्यावर त्याने श्वासही धरला,
मनगटाला श्वास नसतो हे मी सांगितलं नाही.
पडद्यावर हाडं उमटली:
कॅल्शियमने किरण अडवले, तिथे पांढरं,
मांसातून पार गेले, तिथे करडं,
आणि पांढऱ्यात एक काळी रेघ,
केसाएवढी, तिरकी.

त्याने बराच वेळ पाहिलं. मग विचारलं,
कितलो उजवाड घातलो गो म्हज्या हातांत?

त्या रात्री मी हिशेब केला.
शाबूचं वजन अठ्ठावन्न किलो,
चार हात म्हणजे एक पूर्णांक आठ मीटर,
गुरुत्व नऊ पूर्णांक आठ:
जमिनीने त्याच्याकडून घेतले हजारावर ज्यूल.
आणि माझ्या उजेडाने मनगटात ठेवला
ज्यूलचा दहा हजारावा हिस्सा, तोही जेमतेम.
मोडायला तेवढं लागलं,
मोडलेलं दिसायला एवढंच.
दोन्हींचं एकक एक.
मी आकडेमोड दोनदा तपासली,
शून्य कुठे सुटलं असेल म्हणून.

सहा आठवड्यांनी तो आला, रेघ धूसर झालेली.
पुन्हा माडावर कधी चढू?
ते डॉक्टर सांगतील, मी म्हटलं.
त्याने डाव्या हाताने दोन असोले नारळ टेबलाखाली सरकवले.
मॅडमनी पाहिलं, आणि माझ्या छातीवरचा बॅज सरळ केला,
महिन्यामहिन्याचा डोस मोजणारा तो,
नारळ त्यात नोंदले जात नाहीत.

परीक्षेत प्रश्न आला: ज्यूलची व्याख्या लिहा. गुण दोन.
एक न्यूटन बल, एक मीटर विस्थापन, बलाच्या दिशेने.
खाली पेन्सिलीने लिहिलं, चार हात,
आणि खोडलं.

दीड मिळाला.
अर्धा कशाचा गेला, विचारायला गेले नाही.