इशबेलचा गुडघा

दर मंगळवारी, साताला पाच कमी असताना,
डंडीतल्या चर्चमागच्या हॉलमध्ये
इशबेल गाऊन खुर्चीच्या पाठीवर टाकते
आणि मनगटावरचं घड्याळ काढायला विसरते.

वय एकाहत्तर.
हीटर एकच, तोही तिच्या डावीकडे,
म्हणून एक मांडी गुलाबी, दुसरी निळसर.
आम्ही नऊ जण. वीस मिनिटं
कोळशाच्या खरखरीशिवाय काही नाही.

माझ्या हाताला आधी खांदा सापडला,
मग पाठीचा तो उतार,
पंधराव्या वर्षापासून तागाच्या गिरणीत
वाकून वाकून आलेला.
हे तिनंच सांगितलं, चहात बिस्किट बुडवत.
ताग तुमच्याकडून यायचा, म्हणाली.
आमच्याकडून नाही, बंगालमधून, मी म्हणाले.
तेच ते. बोटीला काय त्याचं.

घरी येऊन चित्र स्कॅन केलं.
ऑफिसला शुक्रवारपर्यंत एक प्राणी हवा होता,
गेमच्या सातव्या पातळीवर, पुलाखाली राहणारा.
भीती वाटावी, किळस नको.

कोळशाचा थर तळाशी, चाळीस टक्के.
वर नवा थर, मणक्यांतून काटे ओढले.
खवले काही जमेनात.
कसेही काढले तरी प्लास्टिकचे.
मग आठवलं चिपळूणच्या घाटात
हेडलाइटसमोर गोल झालेलं खवल्या मांजर,
आणि बाबांनी गाडी बंद करून
ते उलगडेपर्यंत धरलेला दम.
ते खवले अंथरले तिच्या पाठीवर, एकेक.

जबडा दिला किल्ल्याच्या दारावरच्या शरभाचा,
हसतोय की गुरगुरतोय ते न कळणारा.
पोट सपाट केलं, तर ती बसेचना,
तोल जाऊन पुढे कलंडायची.
पोट परत आणलं.
उजव्या गुडघ्यावरचा ऑपरेशनचा उभा व्रण
पुसायला ब्रश नेला आणि थांबले.
एवढ्या धुडाचं सगळं वजन तिथंच आलं होतं.

शुक्रवारी फर्गस म्हणाला, झकास,
आणि हे मर्मस्थान ना? इथं लाल उजेड टाकू.
तीन वार बसले की कोसळेल.
मी मान डोलावली. पगार माझाही तिथूनच येतो.

मंगळवारी इशबेलला दाखवलं.
तिनं गाऊनच्या खिशातून चष्मा काढला,
दोन बोटांनी स्वतःला मोठं करून पाहिलं:
शेपूट, नखं, पाठ.
गुडघ्याचं सांगितलं तशी हसली.
पोरगा हुशार आहे, जिन्यावर तिथंच दुखतं.
मग म्हणाली, पण माझं घड्याळ कुठाय?

पुलाखाली राहणाऱ्यांना वेळ कशाला बघायचीय, मी म्हणाले.

नऊ दहाची शेवटची बस असते, ती म्हणाली,
आणि जाऊन बसली,
उजवा पाय जरा लांब करून.

आता पुढच्या डाव्या पंज्यावर
एका पट्ट्यापुरती जागा
मी खवल्यांशिवाय सोडली आहे.
फर्गसला अजून दिसलेली नाही.