सामाईक

नाना पेठेत पत्र्याखाली इम्पाला.
बॉनेट काढून भिंतीला टेकवलंय,
कार्बोरेटर सोडवून बाकावर, पोटात घोटभर पेट्रोल.
अठ्ठावन्न वर्षं याच्या एका पातेल्यातून
आठ सिलिंडर जेवले:
मधले तुपाशी, कडेचे उपाशी.
इंजिन सात लिटरचं. कोण तक्रार करणार?

आता ज्याचं त्याला ताट.
भोसरीच्या लेथवर कापून आणलेल्या फ्लँजा,
त्यांवर आठ थ्रॉटल, आठ उघडी तोंडं.
नूतन मडगार्डवर गोधडी टाकते, वर लॅपटॉप.
"काका, सहा नंबर जास्त हवा ओढतोय."
मी स्क्रीन बघत नाही.
हातभर रबरी नळी, एक टोक कानात,
दुसरं एकेका तोंडाशी.
सहाव्याचा फुत्कार खरंच जाडा.
अर्धा आटा. पाव आटा. बस.
तिचा आकडा नि माझा कान
एकाच जागी येऊन थांबतात,
आणि आम्ही दोघंही जरा हिरमुसतो.

रात्री स्वारगेटला सिग्नल लाल, ब्रेक दगड.
दोन्ही पाय देऊन उभा राहिलो पेडलवर,
पीएमटीच्या मागच्या पाटीपासून वीतभर अलीकडे थांबलो.
सगळे वेगळे निघाले
तेव्हा बूस्टरच्या वाटणीची ओढ
कुणीच घरात ठेवली नव्हती.

सकाळी आठ बारीक नळ्या काढल्या,
एका डब्यात आणून सोडल्या.
डब्यावर नूतननं खडूनं लिहिलं: सामाईक.

मेहेरनोशशेठ गाडी घेऊन गेले.
कार्बोरेटर बाकावरच आहे.
पेट्रोल उडालंय,
तळाशी पिवळा डाग.