कोपरानं बघितलेलं पाणी

जानेवारीत आमच्या गोयात
कुत्रीसुद्धा दुपारभर पाराना नदीत बसून असतात.
छपराचा पत्रा तापून कडकड बोलतो.
आणि बाबा पंख्याखाली
लोकरीचे मोजे घालून,
एकावर एक, दोन जोड.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात.
बाबांच्या तळपायात आग नाही.
तिथून वर चढतो तो गारठा,
घोट्यातून, गुडघ्यातून,
आणि रात्री तीनच्या सुमाराला कवटीत पोचला
की ते उठतात, कड्या तपासतात,
फडताळातले पाव मोजतात.
सात. पुन्हा मोजतात. सात.
मग झोप.

अठराव्या वर्षी त्यांना माल्विनासला नेलं.
बर्फ तोवर त्यांनी फक्त पेल्यात पाहिलेला.
परत आणलं तेव्हा बराकीत एका कागदावर सही घेतली,
तिथलं तिथेच ठेवायचं.
ठेवलं.
उजव्या पायाची तीन बोटं धरून.

गावात काम मिळालं तेही बर्फाच्या कारखान्यात.
लोक हसले. बाबाही हसले असणार.
म्हणायचे, हा बर्फ बरा,
लाद्या पाडता येतात, वजन करता येतं,
कोळी येतात आणि गोणपाटात गुंडाळून
माझ्यापासून लांब घेऊन जातात.

मी सहावीत असताना त्यांनी
चुलीवरची किटली थेट टपात ओतली
आणि पाय घातले.
ओरडले नाहीत. पेपर वाचत राहिले.
कातडीचा वास आला तेव्हा आई धावली.
त्या दिवसापासून पाणी ती बघते,
आधी स्वतःचं कोपर बुडवून,
तान्ह्या बाळाचं बघतात तसं.

नवी डॉक्टरीण विचारते, दुखणं एक ते दहात किती?
बाबा विचारतात, कुठल्या बोटांचं?
आहेत त्यांचं, की गेली त्यांचं?
ती लिहून घेते. काय लिहिते कोण जाणे.

पेन्शनचा फॉर्म दर मार्चला येतो.
अक्षर माझं बरं, म्हणून भरायचा मी.
रकाना अकरा :
इजा शत्रूच्या कारवाईत झाली काय? हो / नाही.
राहू दे तो, बाबा म्हणतात.
तेवीस वर्षं मी तो राहू दिला.

परवा क्रिसान्तो काका आले, कुरुसू कुआतियाच्या बसनं,
एका पिशवीत औषधं, दुसऱ्या पिशवीत दारू,
आणि दोन्ही तितक्याच जपून आणलेल्या.
आईनं टप ठेवला. एकाच टपात चार पाय.
बोलत होते ग्वारानीत,
मला कळत नाही अशा समजुतीनं.

मेंढी मी मारली होती, एलेउतेरिओ.
माहीत आहे मला.
आणि खुंट्या ठोकल्या तुझ्यासाठी.
तोंडाला वास माझ्याच होता ना. लेफ्टनंटला वास सापडला,
तू थोडाच सापडलास.
ओल्या मातीवर आठ तास...
नऊ. मी मोजत होतो.

आमच्या घरात मेंढीचं मटण कधी शिजलं नाही.
मला वाटायचं, आईला आवडत नसेल.

मी आत जाऊन खण उघडला.
रकाना अकरा.
शत्रू त्या दिवशी बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला होता,
त्याला आमच्या बाबांचं नावही माहीत नव्हतं.
ज्याला माहीत होतं, त्यानं ते हजेरीत पुकारलं होतं,
आडनावासकट.
पेन उघडलं. बंद केलं.
हो आणि नाहीच्या मधली ती तिरपी रेघ
किती वेळ बघत बसले.

बाहेर आले तर दोघं गप्प,
टपात पाय तसेच.
आईनं कोपर बुडवलं आणि चटकन काढलं.
अहो, केव्हाचं गार झालंय हे!
दोघांनी खाली पाहिलं,
मग एकमेकांकडे,
आणि इतके हसले, इतके हसले
की क्रिसान्तो काकांना ठसका लागला
आणि आई, किटली हातात धरून,
कुणाच्या बाजूनं ओतू विचारत उभी.