मोजा

वाल्पाराइसोच्या टेकडीवर, एकशे अठ्ठेचाळीस पायऱ्या चढून माझं घर.
गाडी येत नाही. गॅसचा सिलिंडर येतो
तोही कुणाच्या तरी खांद्यावर,
आणि मीही तशीच आले इस्पितळातून:
दोन भाच्यांनी उचललेल्या खुर्चीत,
मागे गल्लीतली कुत्री, मिरवणूक निघाल्यासारखी.

येर्को मंगळवारी येतो आणि शुक्रवारी.
सव्वीस वर्षांचा पोर. हात बेकरीतून आल्यासारखे गरम.
नियम त्यानं फ्रिजवर चिकटवलेत:
नव्वद अंशांपलीकडे वाकायचं नाही,
पायावर पाय टाकायचा नाही,
झोपताना मांड्यांमध्ये उशी.
‘आणि जिन्यावर, सेन्योरा एर्मेलिंदा,
चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.’
म्हटलं, बाळा, जन्मभर मी उलटंच करत आले.

तो हसत नाही. म्हणतो, मोजा.
टाच ओढत आणते, मोजते. दहा.
पाय बाहेर, पाय आत. दहा.
सातव्याला खुब्यात काहीतरी सरकतं,
शेजारच्या घरातलं कपाट सरकावं तसं.
दुखत नाही,
पण माझंही वाटत नाही.

कागदावर एवढंच नव्हतं लिहिलेलं
की मोजा कोण घालणार.
पांढरा, घट्ट, मांडीपर्यंतचा, रक्त गोठू नये म्हणून.
वाकायचंच नाही म्हटल्यावर
स्वतःचं पाऊल म्हणजे बंदराबाहेर नांगरलेलं जहाज.
दिसतं. हाताला लागत नाही.

तिसऱ्या सकाळी सात वाजता होर्तेन्सिया आली,
दार न वाजवता, घरातल्याच सपाता घालून.
माझी सख्खी बहीण. अठरा पायऱ्या खाली राहते.
आईच्या शिलाई मशीनवरून बोलणं तुटलं
त्याला नऊ वर्षं झाली होती.
‘कोणता?’ एवढंच विचारलं,
आणि कण्हत जमिनीवर बसली; तिचे गुडघे कुठे धड आहेत.

कुणी कुणाचे पाय धरायचे
यावरच तर सगळं अडलं होतं आमचं.

कणसाचं साल उलटं चढवावं तसा तिनं मोजा ओढला.
रोज ओढला. दहा दिवस, एक शब्द नाही.
अकराव्या दिवशी: ‘नखं बघ केवढी वाढलीत.’
स्वयंपाकघरातली कात्री आणली.
‘अंगठा बाबांवर गेलाय तुझा.’
मी म्हटलं, छे, आईवर.
झालं. भांडण पुन्हा सुरू,
देवाची कृपा.

सहाव्या आठवड्यात खाली उतरले, दुखरा पाय आधी,
चाळीस मिनिटांत. दोन मासे स्वतः निवडून घेतले.
परतताना एकशे तिसाव्या पायरीवर बराच वेळ थांबले.
दम खायला, असं येर्कोला सांगितलं.

त्यानं एक प्लास्टिकची पन्हळ आणली, दोन दोऱ्यांची.
मोजा तिच्यावर चढवायचा, पाऊल आत सारायचं, ओढायचं.
‘आता कुणाची गरज नाही.’
पहिल्याच खेपेला जमलं. त्यानं टाळी वाजवली.

ती पन्हळ आता पलंगाखाली आहे,
पार भिंतीला टेकून,
जिथवर हात पोचायला
नव्वद अंशांहून जास्त वाकावं लागतं.